द्वारगृह आणि प्रवेशकमान (व्हिक्टोरियन वास्तुकला)

द्वारगृह म्हणजे मोठ्या आवाराच्या प्रवेशद्वाराशी, दाराच्या राखणदाराला सहकुटुंब राहता यावे म्हणून बांधलेले लहान घर होय. इंग्रजीत या घराला ‘लॉज’ किंवा ‘गेट लॉज’ असे म्हणतात. द्वारगृहाला लागून, किंवा दोन द्वारगृहांच्या मध्ये, वाहने आत येण्यासाठी उभारलेल्या कमानीला प्रवेशकमान म्हणतात. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) ब्रिटनमध्ये जमीनदारांच्या वाड्यांपासून सार्वजनिक उद्याने, दफनभूमी आणि रेल्वे स्थानके यांपर्यंत सर्वत्र हा वास्तुप्रकार रूढ झाला. ब्रिटिश राजवटीबरोबर तो भारतातही आला. महाराष्ट्रात मात्र त्याच्याही आधीपासून देवडी, ढेलज, नगारखाना आणि वेस या रूपांनी दाराशी वस्ती करण्याची स्वतंत्र परंपरा होती.

नाव व अर्थ

मराठी बोलण्यात ‘लॉज’ हा शब्द प्रवाशांनी भाड्याने मुक्काम करण्याच्या जागेसाठी वापरला जातो. वास्तुकलेतील ‘लॉज’चा अर्थ वेगळा आहे. येथे मुक्काम पाहुण्याचा नसून राखणदाराचा असतो. मराठीत या अर्थाला सर्वांत जवळचा शब्द ‘देवडी’ हा आहे. किल्ल्याच्या किंवा वाड्याच्या दारालगत पहारेकऱ्यांना बसण्या-उठण्यासाठी ठेवलेल्या जागेला देवडी म्हणतात. तथापि देवडी ही बहुधा दाराच्या बांधकामातच सामावलेली असते आणि तेथे पहारा पाळीपाळीने बदलतो. व्हिक्टोरियन द्वारगृह हे चूल, अंगण आणि धुराडे असलेले स्वतंत्र घर असते व तेथे एक कुटुंब वर्षानुवर्षे राहते. हा फरक लक्षात घेऊन या लेखात ‘द्वारगृह’ हा शब्द योजला आहे.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकात इंग्लंडमधील जमीनदारांनी आपल्या वाड्यांभोवती विस्तीर्ण उपवने आखली. वाडा रस्त्यापासून दूर, झाडीच्या आत गेला. त्यामुळे येणाऱ्या पाहुण्याला मालकाच्या वैभवाची पहिली खूण दिसे ती फाटकापाशीच. उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन याने प्रवेशद्वाराच्या रचनेचा बारकाईने विचार मांडला. पुढे १८३३ मध्ये जॉन क्लॉडियस लाउडन याने लहान घरे, शेतघरे आणि बंगले यांच्या आराखड्यांचा मोठा कोश प्रसिद्ध केला. अशा नमुना-पुस्तकांमुळे गावोगावच्या गवंड्यांना आणि सुतारांना तयार आराखडे मिळू लागले. द्वारगृहाचा प्रसार वेगाने होण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते.

याच सुमारास पथकर घेणाऱ्या रस्त्यांवर नाक्यांची घरे उभी राहिली होती. नाकेदाराला रस्त्याच्या दोन्ही दिशांची वाहने घरात बसून दिसावीत म्हणून या घरांची दर्शनी बाजू अनेकदा बहुकोनी ठेवीत. द्वारगृहांनीही ही युक्ती उचलली. रस्त्याकडे पुढे आलेली तीन बाजूंची खिडकी हे अनेक द्वारगृहांचे ठळक लक्षण आहे.

आराखडा आणि वस्ती

साध्या द्वारगृहात एक बैठकीची खोली, एक स्वयंपाकघर आणि एक-दोन निजण्याच्या खोल्या असत. दार उघडण्याचे काम दिवसरात्र चाले. पुष्कळदा घरातील पुरुष मालकाच्या बागेत किंवा तबेल्यात कामाला असे आणि फाटक उघडण्याची जबाबदारी त्याच्या पत्नीवर व मुलांवर पडे.

मांडणीचे तीन प्रकार सामान्यतः आढळतात.

१. एकेरी द्वारगृह : फाटकाच्या एका बाजूला घर. राहण्यास हाच प्रकार सर्वांत सोयीचा.

२. जोड द्वारगृहे : फाटकाच्या दोन्ही बाजूंना सारख्या आकाराची दोन घरे. ही रचना दिसण्यात डौलदार असली, तरी काही ठिकाणी एकाच कुटुंबाला दोन्ही घरांत मिळून राहावे लागे. चूल एकीकडे आणि निजण्याची खोली दुसरीकडे असल्यावर पावसाथंडीत रस्ता ओलांडावा लागे. दर्शनी समतोलाची किंमत आत राहणारे लोक मोजत, असेच म्हणावे लागते.

३. कमानीसह द्वारगृह : दोन घरांना मधल्या कमानीने जोडलेली, किंवा कमानीच्या वरही खोली असलेली एकसंध वास्तू. मध्ययुगीन किल्ल्यांच्या आणि मठांच्या दरवाजांवरून हा प्रकार घेतला गेला.

कमानीची रचना

कमान दगडी पाचरींनी बनते. प्रत्येक दगड वरच्या बाजूस रुंद आणि खालच्या बाजूस निमुळता घडवलेला असतो. बांधकाम चालू असताना हे दगड लाकडी साच्यावर टेकवतात. माथ्यावरचा मधला दगड बसला की सर्व दगड एकमेकांना दाबून धरतात आणि साचा काढून घेता येतो. म्हणूनच मधल्या दगडावर मालकाचे चिन्ह, वर्ष किंवा एखादा चेहरा कोरण्याची प्रथा पडली.

कमान आपल्या माथ्यावरचे ओझे केवळ खाली पोचवत नाही. ती आपल्या पायांना बाहेरच्या बाजूलाही रेटते. या आडव्या रेट्याला आधार न मिळाल्यास पाय फाकतात, माथ्यावर भेग पडते आणि अखेरीस कमान कोसळते. दोन्ही बाजूंच्या द्वारगृहांच्या जाड भिंती हा रेटा पेलतात. बाजूची घरे ही निव्वळ सजावट आहे असे वरवर पाहता वाटते. पण अनेक वास्तूंत तीच कमानीला उभी ठेवतात. पुढे रस्ता रुंद करताना ‘कमान ठेवू, बाजूची खोली पाडू’ असा निर्णय घेतला, तर कमानीचा आधारच काढून घेतला जाण्याचा धोका असतो.

कमानीचा आकार शैलीप्रमाणे बदलतो. अर्धवर्तुळाकार कमान रोमन परंपरेतून आली. तिची उंची रुंदीशी बांधलेली असते. रुंदीच्या निम्म्याइतकाच तिचा उठाव असतो. टोकदार गॉथिक कमानीचा उठाव हवा तसा वाढवता येतो आणि तितक्याच रुंदीच्या अर्धवर्तुळाकार कमानीपेक्षा ती बाहेरच्या बाजूला कमी रेटा देते. उंच बैठकीवर बसलेल्या गाडीवानासह बग्गी आत यायची असल्याने मधल्या कमानीला पुरेशी उंची लागे. पायी येणाऱ्यांसाठी बाजूला लहान दारे ठेवीत. गाडीच्या चाकांनी कोपरे झिजू नयेत म्हणून कमानीच्या पायाशी गोलसर दगड बसवलेले असत. जुन्या दरवाजांशी असे दगड आजही दिसले, तर तेथून चाकांची वाहतूक होत असल्याची ती खूण समजावी.

छप्पर, भिंती आणि सजावट

इंग्लंडमधील द्वारगृहाचे छप्पर उतरते असे. छपराच्या टोकाची त्रिकोणी भिंत उंच ठेवीत आणि तिच्या कडेला नक्षीदार लाकडी पट्ट्या लावीत. उंच, वळणदार विटांची धुराडी, शिसाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान काचांच्या खिडक्या, दारावरचे छोटे छप्पर आणि भिंतीत बसवलेला वर्ष कोरलेला दगड ही इतर लक्षणे होत. घर लहान असल्यामुळे वास्तुरचनाकाराला येथे प्रयोग करणे परवडे. मुख्य वाड्यात जी शैली धाडसाची ठरली असती, ती फाटकापाशी निर्धास्तपणे वापरता येई. त्यामुळे एकाच आवाराच्या निरनिराळ्या फाटकांवर निरनिराळ्या शैलींची द्वारगृहे दिसतात.

ब्रिटनमधील काही उदाहरणे

लिव्हरपूलजवळचे बर्कनहेड उद्यान १८४७ मध्ये खुले झाले. सार्वजनिक पैशातून सर्वसामान्यांसाठी निर्माण केलेल्या आरंभीच्या उद्यानांत त्याची गणना होते. आखणी जोसेफ पॅक्स्टन याची आहे. तेथील मुख्य प्रवेशद्वारात तीन कमानी असून दोन्ही बाजूंना द्वारगृहे आहेत. इतर फाटकांवर गॉथिक, इटालियन, नॉर्मन आणि किल्लेवजा अशा वेगवेगळ्या धाटणीची घरे बांधली गेली. जो वास्तुप्रकार पूर्वी जमीनदाराचे आवार सामान्य माणसापासून वेगळे ठेवी, तोच येथे सामान्य माणसाच्या स्वागताला उभा राहिला.

लंडनमधील हायगेट दफनभूमीच्या (१८३९) प्रवेशाशी ट्यूडर धाटणीची इमारत व मध्ये कमान आहे, तर ॲब्नी पार्क दफनभूमीचे (१८४०) प्रवेशद्वार व द्वारगृहे प्राचीन इजिप्तच्या धाटणीची आहेत. काही कमानींच्या पोटातच खोल्या आहेत. लंडनमधील मार्बल आर्च आणि वेलिंग्टन आर्च या दोन्ही कमानींच्या आतील खोल्यांत एकेकाळी पोलीस चौकी होती.

युस्टनची कमान

या वास्तुप्रकाराच्या जतनाच्या इतिहासात लंडनच्या युस्टन स्थानकासमोरील कमानीचे स्थान वेगळे आहे. लंडन ते बर्मिंगहॅम रेल्वेमार्गाचा पहिला टप्पा १८३७ मध्ये, व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्यानंतर महिन्याभरात सुरू झाला. त्या मार्गाचे प्रवेशद्वार म्हणून फिलिप हार्डविक याने ग्रीक डोरिक शैलीत सुमारे ७० फूट उंचीची वास्तू व तिच्या दोन्ही अंगांना द्वारगृहे उभारली. लोकांनी तिला ‘कमान’ म्हटले, तरी तिच्या माथ्यावर वर्तुळाकार कमान नसून खांबांवर पेललेली सरळ दगडी तुळई होती.

स्थानकाच्या पुनर्बांधणीसाठी ही वास्तू १९६१–६२ मध्ये पाडण्यात आली. ती संरक्षित वास्तूंच्या यादीत होती. कवी जॉन बेट्जमन आणि १९५८ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरियन सोसायटी यांनी तिच्यासाठी आवाज उठवला. तरीही ती वाचली नाही. तिचे पुष्कळसे दगड पूर्व लंडनमधील एका जलमार्गाच्या तळातील खड्डा बुजवण्यासाठी टाकले गेले होते, हे १९९४ मध्ये इतिहासकार डॅन क्रुकशँक यांनी शोधून काढले. त्याच आवाराच्या रस्त्याकडील सीमेवर सुमारे १८७० मध्ये बांधलेली दोन दगडी द्वारगृहे मात्र टिकून आहेत. त्यांच्या कोपऱ्यांवर, रेल्वेने जेथे जाता येई त्या गावांची नावे कोरलेली आहेत. भव्य कमान गेली आणि दाराची छोटी घरे राहिली. त्या पाडकामाने ब्रिटनमधील वारसा-जतनाच्या चळवळीला मोठी चालना मिळाली.

महाराष्ट्रातील रूपे

मुंबईच्या किल्ल्याचा तट १८६०च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना पाडण्यास आरंभ झाला आणि त्याबरोबर तटाचे दरवाजेही गेले. ‘चर्चगेट’ हे स्थानकाचे नाव अशाच एका नाहीशा झालेल्या दरवाजाची आठवण आहे. तटाच्या जागी नव्या शहराने सार्वजनिक इमारती उभारल्या आणि प्रवेशद्वाराला नवे रूप दिले.

भायखळ्याचे व्हिक्टोरिया उद्यान १८६२ मध्ये खुले झाले. लोकांनी त्याला ‘राणीची बाग’ म्हटले. आज ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. त्याचे ग्रीक-रोमन धाटणीचे तीन कमानींचे प्रवेशद्वार हे बर्कनहेडसारख्या उद्यानद्वारांच्या कुळातील आहे. शेजारीच १८७२ मध्ये खुले झालेले वस्तुसंग्रहालय असून ते आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते.

विल्यम इमर्सन याने रचलेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या (१८६९) प्रवेशकमानींवर लॉकवुड किपलिंग याने घडवलेली उठावशिल्पे आहेत. त्यांत शेतकरी व बाजारहाटाचे जीवन दिसते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (फ्रेडरिक स्टीव्हन्स, १८७८–८८) या इमारतीच्या फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसवलेले आहेत. सिंह ब्रिटनचे, तर वाघ भारताचे प्रतीक मानला जातो. फाटक हे राज्यकर्त्याने आपली ओळख सांगण्याचे ठिकाण असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

पुण्यातील गणेशखिंडीचे राजभवन जेम्स ट्रबशॉ याच्या आराखड्यानुसार १८६४ ते १८७१ या काळात बांधले गेले. आज तेथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून या आवारातून परतणाऱ्या वॉल्टर रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. त्या काळी अशा फाटकाच्या आत कोणाला प्रवेश आहे आणि कोणी बाहेर उभे राहायचे, हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता.

मुंबईतील गेटवे ऑफ इंडिया (जॉर्ज विटेट, १९२४) व्हिक्टोरियन काळानंतरचा आहे. त्याच्या मागे कोणतेही आवार नाही आणि राखणदाराचे घरही नाही. दाराचे काम संपून केवळ स्मारक उरल्याचा तो टप्पा म्हणता येईल.

हवामान व साहित्याचा परिणाम

हा वास्तुप्रकार भारतात जसाच्या तसा उतरला नाही. बर्फ घसरून जावे म्हणून केलेल्या तीव्र उताराची येथे गरज नव्हती. त्याऐवजी ऊन आणि वळवाचा पाऊस अडवणारी खोल वळचण व व्हरांडा आवश्यक झाला. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर मंगळुरी कौले पश्चिम भारतात पसरली व चौकीदारांच्या घरांवरही चढली. शेगडी पेटवायला धुराडे लागत नसल्याने द्वारगृहाचा सर्वांत ठळक अलंकार येथे गळून पडला.

दख्खनचा काळा बेसाल्ट दगड कठीण असल्याने त्यावर बारीक कोरीव काम करणे कष्टाचे असते. म्हणून मुंबईत भिंतींसाठी कुर्ल्याचा व मालाडचा दगड आणि नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ दगड अशी वाटणी अनेक इमारतींत केलेली दिसते.

देवडी, वेस आणि खानदेश

मराठी वाड्याच्या मुख्य दरवाजात लहान दिंडी दरवाजा असतो. एरवी तेवढाच उघडा ठेवतात. त्यातून वाकूनच आत जावे लागत असल्याने येणारा आपोआप पहारेकऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात येतो. आत गेल्यावर देवडी किंवा ढेलज लागते. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तीची धडक थोपवण्यासाठी लोखंडी अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत व वर नगारखाना आहे. व्हिक्टोरियन प्रवेशकमानीत वर खोली असते. मराठी दरवाजात त्याच जागी वेळेची व मानाची द्वाही देणारे वाद्य असते.

खानदेश १८१८ मध्ये ब्रिटिश अमलाखाली आला आणि पहिला जिल्हाधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे येथे ठाणे केले. या भागातील गावांना वेस, देशमुखांच्या गढ्यांना देवडी आणि प्रवासाच्या मार्गांवर सराया ही परंपरा त्याआधीची आहे. जामनेरहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाताना लागणाऱ्या फर्दापूर येथे मोगलकालीन सराय आहे. सराईत तटाच्या मध्यावर दरवाजा आणि आतल्या बाजूने खोल्यांची ओळ अशी रचना असते. म्हणजे रात्री एकच दार लावले की सर्व प्रवासी सुरक्षित होत. खानदेशातील जुनी घरे मातीच्या धाब्याची, जाड भिंतींची. त्यामुळे येथील दाराजवळच्या खोल्याही इंग्लंडच्या उतरत्या छपरांपेक्षा सपाट माथ्याच्याच शोभतात.

रेल्वेने या प्रदेशात द्वारगृहाचे सर्वांत साधे रूप आणले. रस्ता आणि रूळ जेथे एकमेकांना छेदतात तेथील फाटकवाल्याची चौकी हे तत्त्वतः द्वारगृहच आहे. दोन्ही दिशांना दिसेल अशी खिडकी, दाराशी राहणारा माणूस आणि वेळी-अवेळी फाटक उघडण्याची जबाबदारी, ही तिन्ही लक्षणे त्यात आहेत. फरक इतकाच की ही चौकी मालकाच्या आवाराची नव्हे, तर वाटसरूच्या जिवाची राखण करते.

जतनाचे प्रश्न

द्वारगृहे आणि वेशी इतर ऐतिहासिक वास्तूंपेक्षा अधिक धोक्यात असतात. त्याची कारणे अशी :

• या वास्तू रस्त्याच्या अगदी कडेला असतात. रस्ता रुंद करताना पहिला घाव त्यांच्यावर पडतो.

• जुनी कमान बग्गीच्या किंवा बैलगाडीच्या मापाची असते. मालमोटारीची धडक आणि सततचे हादरे यांमुळे पाचरी सैल होतात.

• राखणदार ठेवण्याची पद्धत बंद झाल्यावर घर रिकामे पडते. रिकाम्या घराचे छप्पर गळू लागले की भिंतींना फार वेळ लागत नाही.

• दुरुस्तीसाठी सिमेंटचा गिलावा केला जातो. पूर्वीचे दगडकाम घाणीत मळलेल्या चुन्यात केलेले असते. चुना ओल बाहेर सोडतो, तर सिमेंट ती आत कोंडते; परिणामी मऊ दगडाचे पापुद्रे सुटतात.

• सांधीत रुजलेल्या पिंपळ-वडाची मुळे दगड फोडतात. रोप वरून छाटल्यास ते पुन्हा फुटते.

कायद्याच्या दृष्टीने महाराष्ट्रात १९६०चा प्राचीन स्मारकांविषयीचा राज्य अधिनियम आणि केंद्राचा १९५८चा अधिनियम लागू आहेत. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली असून तीत इमारतींची तीन श्रेणींत वर्गवारी केली जाते. मुख्य इमारतीची नोंद होते, तेव्हा तिचे फाटक, आवाराची भिंत आणि चौकीदाराची खोली यांचाही उल्लेख नोंदीत असणे आवश्यक आहे. तो नसल्यास ‘मुख्य वास्तूला धक्का लागलेला नाही’ असे सांगून हे भाग काढून टाकणे सोपे जाते. रस्ता वास्तूच्या बाजूने वळवणे हा पर्याय अशक्य नसतो. मलिक अंबरच्या काळातील भडकल दरवाजा (१६१२) छत्रपती संभाजीनगरच्या रहदारीत आजही उभा आहे.

महत्त्व

राजवाडा किंवा मुख्य इमारत मालकाची कथा सांगते. द्वारगृहात मात्र माळी, दरवान, गाडीवान आणि त्यांची कुटुंबे राहिली. श्रमिकांच्या वस्तीची जी घरे टिकाऊ दगडात आणि विचारपूर्वक बांधली गेली, त्यांत द्वारगृहांचा समावेश होतो. म्हणून सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांच्या दोन खोल्या मुख्य दिवाणखान्याइतक्याच मोलाच्या आहेत. गावातील जुन्या फाटकाचे, वेशीचे किंवा देवडीचे मोजमाप, छायाचित्र आणि तेथे राहिलेल्या लोकांच्या आठवणी नोंदवून ठेवणे हे काम विद्यार्थ्यांनाही करता येण्यासारखे आहे. वास्तू पडल्यावर तिच्याविषयी सांगू शकेल असा दुसरा पुरावा अनेकदा उरत नाही.

हेही पाहा

देवडी
नगारखाना
वेस
गॉथिक वास्तुकला
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस
वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान